नकाशांसकट

फोन ठेवून दुकानाची मालकीण खुर्चीत बसली ती बसलीच. प्रकाशकाचा विक्री प्रतिनिधी बोलता बोलता सहज सांगून गेला होता, "बाई, त्या बंदरांच्या इतिहासाची साधी आवृत्ती दोन महिन्यांत येतेय. किंमत एक तृतीयांश."

नऊशे पानांच्या, जाड पुठ्ठ्याच्या बांधणीच्या त्या ग्रंथाच्या पंचवीस प्रती तिने हौसेने घेतल्या होत्या. सवलत जास्त मिळते म्हणून परत न करण्याच्या बोलीवर! तीन आठवड्यांत गेल्या फक्त चार.

"कुणाला बोलू नकोस," नणंद म्हणाली. दुकानात तिची अर्धी भागीदारी. "विचारलं कुणी, तर माहीत नाही म्हणायचं."

"आणि दोन महिन्यांनी तेच गिऱ्हाईक जाब विचारायला आलं तर, वन्सं?"

"तेव्हाचं तेव्हा बघू."

नेमके दुपारी मोजणीदार काका आले. जमीन मोजणी खात्यातून निवृत्त झालेले. रोज येऊन त्या ग्रंथाची वीसेक पानं उभ्याउभ्याच वाचून जायचे. आज मात्र पाकीट हातात. "एक प्रत द्या. पाय बोलायला लागले हो, आता घरी पडून वाचतो."

प्रत उचलताना मालकिणीचा हात थबकला. पलीकडून वन्सं डोळे वटारत होत्या. तरी ती बोलून गेली, "काका, दोन महिने थांबलात तर हेच पुस्तक स्वस्तात मिळेल."

"असं? बरं झालं सांगितलंत." पाकीट खिशात गेलं, काका दाराबाहेर.

"झालं समाधान?" वन्संनी विचारलं आणि हिशेबाची वही पुढ्यात ओढली.

तीन दिवस काका फिरकले नाहीत. दार वाजलं की मालकीण दचकून बघे. किंमत उतरवायला तिने दोनदा पेन उचललं, दोनदा ठेवलं. उतरवली तर खरेदीही निघेना, नाही उतरवली तर माल अंगावर.

चौथ्या दिवशी काका आले ते कचेरीतल्या दोन जुन्या सोबत्यांना घेऊन. "त्या स्वस्त आवृत्तीत ह्यातले मागचे घडीचे नकाशे आहेत का हो?"

तिला ठाऊक नव्हतं. तिने प्रतिनिधीला फोन लावला. "नकाशे? छे! सगळा खर्च त्यांचाच तर होता."

"मग ह्याच तीन बांधा," काका म्हणाले. "आमचा जन्म नकाशांत गेला, आता त्यांच्यावाचून काय वाचणार?"

त्याच संध्याकाळी तिने दारावर पाटी लावली: साधी आवृत्ती लवकरच, नकाशांशिवाय. नकाशांसकट हवी असेल तर आत या. वन्संनी नाक मुरडलं, पण तिरकी लागलेली पाटी सरळ केली ती त्यांनीच.

साधी आवृत्ती येईपर्यंत आणखी सात गेल्या. उरलेल्या अकरांवर तिने चौथाई किंमत कमी केली. थोडी पदरमोड झाली, पण आता दार वाजलं की ती मान वर करून "या" म्हणत होती.