पिवळा दिवा

लेकीच्या घरी पाळणा हलला, त्याच वर्षीची गोष्ट. दिवा लागलेला नव्हता... मसुरीच्या दाण्याएवढा पिवळा दिवा, त्यावर घसरत्या गाडीचं चित्र. घसरू लागली की गाडी आपणहून स्वतःला सावरते; ते सावरणं बटण दाबून बंद केलं की हा दिवा लागतो आणि लागूनच राहतो. मास्तरांनी दोन सीटांमधलं ते बटण दाबलं होतं, शोरूमच्या फाटकातून बाहेर पडतानाच, स्वतःच्या बोटाने. आणि आता इंजिन किती तापलंय ते बघायला रस्त्याच्या कडेला थांबून जवळचा चष्मा चढवला, तर दिवा विझलेला.

म्हणजे ते वळण? आत्ता घेतलेलं, टेकडीवरचं ओलं वळण – लाल गाडीचं बूड जरासं सुटलं, हातांनी ते अलगद जागेवर आणलं, आणि तोंडातून "वा!" निघून गेलं होतं, स्वतःसाठीच. जन्मभर लोकांना गाडी शिकवली, शाळा बंद केली, आता एक गाडी आपल्या हौसेची घ्यायची... पासष्टी उलटली तरी हात शाबूत आहेत, असं त्या वळणाने सांगितलं होतं. वळणाने? की कुणी?

सकाळी निळी चालवून झाली होती. चारी चाकांना जोर, टर्बोची बारीक शीळ, कुठल्याही वळणावर खिळा ठोकल्यासारखी घट्ट.

"काका, ही तुम्ही चुकलात तरी सांभाळून घेते," विक्रेता म्हणाला होता.

"आणि लाल?"

"तिचा सगळा जोर मागच्या चाकांना. तिला तुम्हीच सांभाळायचं."

"चाळीस वर्षं संसार केलाय, सांभाळायचं मला नका सांगू," मास्तर म्हणाले होते. विक्रेता हसला. तान्हीला सासूकडे ठेवून आलेली लेक जरा उशिरा हसली.

निळीत त्यांना जांभई आली होती. आपली चूक आपल्यालाच कळू देत नाही ती गाडी कसली? गाडी हवी खरं बोलणारी. लाल. मनाशी ठरलंही होतं.

"तू दाबलंस?"

लेक खिडकीबाहेर बघत होती. "काय?"

"बटण, बाई. बटण."

"...बाबा, आपण निळी घेऊ या ना."

"दाबलंस का, ते विचारतोय."

"हो. आईने सांगून ठेवलं होतं." ती अजून बाहेरच बघत होती. "म्हणाली, तुझे बाबा एकदा बटण दाबलं की खाली बघत नाहीत. वळणाकडे बघायला लागले की हळूच परत दाबायचं. ती नेहमी दाबायची."

"नेहमी म्हणजे?"

"जुनी गाडी घेतल्यापासून."

खाली बघतो तो ड्रायव्हर नव्हे – हे वाक्य त्यांचंच, प्रत्येक शिकाऊच्या माथी मारलेलं. आणि शेजारी ही बसायची, पर्स मांडीवर, "अहो, जरा हळू" म्हणत... घाबरट, घाबरट म्हणून चारचौघांत हसलो मी तिला. जुनी करडी, तीही मागच्या चाकांचीच; तिच्यातले ते सगळे घाट पाहुण्यांपुढे रंगवून सांगितले – हात बघा, हात! – आणि ती पाण्याचे पेले ठेवत मान डोलवायची. एका शब्दाने बोलली नाही. केसाने गळा कापला म्हणतात तो असा. आणि आता भांडायचं तर कुणाशी?

शिकवायच्या गाडीत मास्तरांच्या पायाशी दुसरा ब्रेक असायचा. नवखा माणूस गडबडला की नजर समोर ठेवून ते तो हलकेच दाबायचे, आणि गाडी थांबली की म्हणायचे, "शाबास! वेळेवर थांबवलीस." ह्याच लेकीलाही म्हटलं होतं. रात्री जेवताना बायकोला हसत सांगितलं होतं – अगं, कळू द्यायचं नसतं, नाहीतर माणूस उभारीच धरत नाही. ती वाढता वाढता थांबली होती, डाव तसाच हातात... ऐकत होती तर.

म्हणजे मी शिकाऊ. कधीपासून?

आणि तो दवाखान्याचा रस्ता... ती मागच्या सीटवर आडवी, डोळे मिटलेले, शेजारची जागा रिकामी, आपलं बोट सवयीने बटणावर गेलेलं. नदीकाठच्या वळणावर गाडीचं बूड सटकन सुटलं, कठड्याला घासून आलं. रस्त्यावर वाळू होती, असं मास्तर तेव्हापासून सगळ्यांना सांगत आले होते. वाळू... होती का?

"शोरूमवाल्यांना कोणती सांगू, बाबा?"

मास्तरांनी बटण दाबलं. दिवा लागला. चष्मा काढून खिशात ठेवला आणि ते समोर बघत राहिले – टेकडी उतरायची होती, खाली तेच ओलं वळण, आता उलट्या बाजूने. शेजारी लेकीचा श्वास. तिचा हात हलला की नाही ते बघायचं नाही, एवढं त्यांनी ठरवलं. पण तो हलावा की हलू नये, हे काही केल्या ठरेना, आणि क्लचवरचा पाय तसाच राहिला.

लेकीची आई त्याच वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाशी, एका बुधवारी पहाटे, दवाखान्यात वारली. नात तेव्हा जन्मायची होती.