एका वल्ह्याची होडी

दर रविवारी आमच्या घरी एक नाटक व्हायचं, आणि ते इतकं वठायचं की शेजारपाजारचे जळायचे. "बघ त्यांच्याकडे," वरच्या मजल्यावरच्या काकू आपल्या लेकाला सुनवायच्या, "लग्नाला इतकी वर्षं झाली तरी दोघं हातात हात घालून भटकायला जातात." हातात हात वगैरे काही नाही, काकूंना लांबचं नीट दिसत नाही. पण बाहेर पडायचो हे खरं. जिना उतरायचो, गल्लीच्या तोंडाशी औषधाच्या दुकानापर्यंत बरोबर चालायचो, आणि तिथून तो डावीकडे जायचा, मी उजवीकडे.

तो म्हणजे माझा नवरा. लिफ्ट दुरुस्त करतो. मी त्याला घुमा म्हणते. आधी लाडाने म्हणायचे, मग रागाने म्हणायला लागले, नाव तेच राहिलं. राग आला की हा माणूस ओरडत नाही, आदळआपट करत नाही, तोंडाला कुलूप घालून बसतो. आणि मी पडले फटकळ. मी कवळ्या बनवते. दिवसभर दुसऱ्यांचे दात घासायचे, रंग जुळवायचे, तोंडावर मास्क. घरी आल्यावर माणसाला दोन शब्द बोलावेसे वाटणार की नाही? मी बोलायचे, तो ताटात बघायचा. मी भांडण काढायचे, तो गच्चीवर जायचा. भिंतीवर डोकं आपटलं तर निदान आवाज तरी येतो!

शेवटी एकदा सकाळच्या चहाला मी म्हटलं, "आपण वेगळे होऊया का?"

तो म्हणाला, "हं."

त्यावरही हं! मला वाटलं होतं, निदान यावर तरी भांडेल. माझ्या ताईच्या गावात कवळ्यांच्या लॅबमध्ये जागा होती, तिथे मी जायचं ठरलं. कुणी रडलं नाही, कुणी थांब म्हटलं नाही. आणि त्याच आठवड्यात बाबांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, हार्ट अटॅक आला.

बाबांनी जन्मभर शाळेचे गणवेश शिवले. दुकान रविवारीही उघडं, कारण आयांना मुलांची मापं द्यायला वेळ रविवारीच. सासूबाईंना कधी कुठे फिरायला नेलं नाही, आणि त्या गेल्या तेव्हाही हे मशीनवरच होते, ही त्यांच्या जिवाची टोचणी. दवाखान्यातून घरी सोडताना डॉक्टरांनी आम्हाला बाजूला घेतलं. "सध्या मनाला धक्का बसेल असं काही यांच्या कानावर घालू नका." आम्ही एकमेकांकडे बघितलं. पुष्कळ दिवसांनी आमच्या दोघांच्या डोक्यात एकाच वेळी एकच गोष्ट आली. माझं जाणं लांबलं.

बाबांचा पलंग खिडकीशी लावला. पहिल्याच रविवारी त्यांनी फर्मान काढलं, "तुम्ही दोघांनी सुट्टीचं घरात बसायचं नाही. माझ्याजवळ काकू बसतील. जा, भटका, आणि आल्यावर मला सांगा. सगळं सांगायचं हं, नुसतं छान होतं म्हटलेलं चालायचं नाही."

तो डावीकडे गेला, मी उजवीकडे. मी काम करायचे त्या इथल्या लॅबची किल्ली माझ्याकडे होती. प्लास्टरच्या जबड्यांच्या मधोमध बसून मी पाव खाल्ला आणि टेबलावर डोकं टेकून झोपले. तो कुठे गेला ते मी विचारलं नाही. दिवेलागणीला आम्ही इमारतीखाली मीटरच्या पेट्यांपाशी भेटलो, आणि वर बाबांना काय सांगायचं हा प्रश्न पडला.

"तलावावर गेलो म्हणू," मी म्हटलं. "पण तिथे केलं काय?"

घुम्याने डोकं खाजवलं. "होडीत बसलो. एकच वल्हं होतं."

"एकच का?"

"दुसरं होडीवाल्याचा मेहुणा घेऊन गेला होता."

मी त्याच्या तोंडाकडे बघतच राहिले. हे त्याने कुठून काढलं देव जाणे. "मग होडी गोल गोल फिरायला लागली," मी म्हटलं, "आणि तू म्हणालास, पैसे गोल पाळण्याचे द्यायचे की होडीचे?"

"आणि तू होडीवाल्याला असं झापलंस की तो बिचारा पाण्यात उतरून ढकलत आला."

वर गेल्यावर बाबा इतके हसले, इतके हसले, की मी घाबरून त्यांची पाठ चोळायला लागले. "मेहुणा!" म्हणत ते परत हसायचे. दुसऱ्या दिवशी काकूंना ती गोष्ट, तिसऱ्या दिवशी दूधवाल्याला.

मग ते चालूच झालं. एका रविवारी बोकडाने आमची परतीची तिकिटं खाल्ली. एकदा टेकडीवरच्या वाऱ्याने घुम्याची टोपी उडाली आणि खाली पेन्शनरांच्या सहलीत जाऊन एका आजोबांच्या डोक्यावर बसली. एकदा आम्ही चुकून एका शाळेच्या मैदानात शिरलो, तर लोकांनी परीक्षक समजून आम्हाला पुढच्या खुर्च्यांवर बसवलं आणि आम्ही धावण्याच्या शर्यतीचा निकाल लावून आलो. पाव तास त्या पेट्यांपाशी उभं राहून आम्ही हे रचायचो, कोण काय बोलणार ते वाटून घ्यायचो. गोष्टीतला घुमा बडबड्या होता. गोष्टीतली मी समजूतदार होते. दोन्ही शुद्ध थापा. वर जाऊन सांगून झालं, गोळी घेऊन बाबांना झोप लागली, की तो त्याच्या खोलीत आणि मी स्वयंपाकघरात अंथरूण टाकायचे, ते थेट पुढच्या रविवारपर्यंत.

एकदा मात्र फार थोडक्यात हुकलं. त्या संध्याकाळी शर्यतीची गोष्ट जुळवताना, तिसऱ्या आलेल्या पोराच्या आजीची नक्कल त्याने केली आणि मी हसून हसून खाली पायरीवर बसले. तोही बसला. आमचे खांदे लागले, आणि दोघांपैकी कुणीच बाजूला सरकलं नाही. मी म्हणणार होते, पुढच्या रविवारी खरंच कुठेतरी जाऊया का रे? अगदी ओठांवर आलं होतं. त्याचंही तोंड उघडलं होतं, मी बघितलं. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. कुठल्याशा इमारतीत एक बाई लिफ्टमध्ये अडकली होती. तो गेला. त्या दिवशी गोष्ट मी एकटीनेच सांगितली, आणि पुढच्या रविवारी औषधाच्या दुकानापाशी आम्ही नेहमीसारखे दोन दिशांना गेलो. का गेलो? बोलला असता तर तोंड झिजणार होतं का त्याचं? आणि मी, जगाला फाडून खाणारी, मी तरी का गप्प बसले? अजून या प्रश्नाने माझा जीव जळतो.

बाबा सुधारत गेले. काठी घेऊन गच्चीपर्यंत जायला लागले. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, हृदय ठणठणीत आहे, थोडं हिंडूफिरू द्या. घरी येऊन बाबांनी इस्त्रीचा शर्ट काढला, दाढी केली आणि म्हणाले, "या रविवारी मी येणार तुमच्याबरोबर. आधी तो होडीवाला दाखवा मला."

घुमा नेहमीसारखा गच्चीकडे सटकला.

"लांब आहे बाबा," मी म्हटलं.

"बस आहे ना? मग लांब कसलं? मी काय चालत येतोय?"

काकूंनी डबा करून दिला. तलावापर्यंत बसने बराच वेळ लागला. बाबा खिडकीशी बसून दिसेल त्या पाटीचं मोठ्याने वाचन करत होते. मी आणि तो मागच्या बाकावर. सबंध वाटेत आम्ही एकमेकांशी एक अक्षर बोललो नाही. बाबा मधूनमधून मागे वळून बघायचे. त्यांना वाटत असणार, आता काहीतरी धमाल सुरू होईल.

तलाव होता. त्याच्याभोवती उंच जाळी होती आणि जाळीवर पाटी होती. फाटकाजवळ एक बाई चहा विकत होती. बाबा काठी टेकत थेट तिच्यापाशी गेले. "काय बाई, ती तुमची एका वल्ह्याची होडी कुठाय?"

"होडी?" ती म्हणाली. "पिण्याचं पाणी आहे ते आजोबा. पाय बुडवला तरी दंड करतात."

"अहो, होडीवाला नाही का? तो मेहुणा..."

"मी लग्न होऊन आले तेव्हापासून इथेच बसते. होडी काही बघितली नाही बाई मी."

बाबांनी आमच्याकडे बघितलं. घुमा म्हणाला, "बुडाली असेल." त्याच क्षणी मी म्हटलं, "विकली वाटतं." खाली उभं राहून ठरवलेलं नव्हतं ना. चहावाली आमच्याकडे बघून हसली. बाबा हसले नाहीत.

जाळीला लागून सिमेंटचा कट्टा होता, त्यावर ते बसले. मग म्हणाले, "सकाळपासून बघतोय. तुम्ही दोघं बोलत नाही." "भांडण झालंय?"

"भांडण असतं तर बरं होतं," मी म्हणून गेले. आणि मग राहवेना, डॉक्टर ठणठणीत म्हणाले होते, आणि मला आता त्या थापांचा वीट आला होता. मी सगळं सांगितलं. आम्ही वेगळं व्हायचं ठरवलं होतं, ताईच्या गावची जागा, त्यांचं दुखणं, सगळं. घुमा बुटाच्या टोकाने माती उकरत उभा होता.

मला वाटलं, आता छातीला हात लावतील. मी तर पिशवीतली गोळीसुद्धा काढून ठेवली होती. पण बाबा शांत होते. "म्हणजे मी मरायची वाट बघत थांबला होतात होय?" ते म्हणाले. "मग मी चांगलाच उशीर केला."

"बाबा, असं काय बोलता!"

"अगं, चेष्टा करतोय पोरी. नाही जमत, तर नाही जमत. माझं आणि तुझ्या सासूचं तरी कुठे जमलं? ती बोलायची, मी मशीन चालवायचो. हा माझ्यावरच गेलाय. तू तुझ्या ताईकडे जा. मी धडधाकट आहे, माझं ओझं बाळगू नका." ते माझ्या डोक्यावरून हात फिरवत होते, आणि मी इतके महिने ज्याची वाट बघत होते ते मला इतक्या सहज मिळालं होतं, आणि मला रडू आवरेना.

डबा उघडला. बाबांनी दोन घास खाल्ले आणि मधेच थांबले. "पण मग ही होडी?"

"नव्हती," घुमा म्हणाला.

"दुसरीकडे कुठे?"

"कुठेच नव्हती."

"आणि तो बोकड?"

मी मान हलवली.

"टेकडीवर तरी गेला होतात ना? टोपी उडाली ती?" आता त्यांचा आवाज बारीक झाला होता. "शाळा? ती आजी? एकदाही नाही? मग जायचात कुठे?"

"मी लॅबमध्ये," मी म्हटलं.

घुमा म्हणाला, "एखाद्या इमारतीच्या गच्चीवर, लिफ्टच्या मशीनच्या खोलीत. बसायचो तिथे." हे मला पहिल्यांदाच कळत होतं. एक गच्चीवरच्या खोलीत मोटारीशेजारी, एक जबड्यांमध्ये, आणि दोघांनाही दुसरीकडे जायला जागा नव्हती.

बाबांनी डबा बंद केला. वेगळं व्हायचं ऐकून जो माणूस हलला नव्हता, त्याचा चेहरा बोकड नव्हता म्हटल्यावर उतरला. परतीच्या वाटेवर त्यांनी एकही पाटी वाचली नाही. घरी आल्यावर काकूंनी दारातच विचारलं, "मग, भेटला का होडीवाला?" तर "दमलोय" म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून पडले. पुढचे दिवस हवं नको तेवढंच बोलायचे. मी म्हटलं, अबोला धरलाय म्हातारबुवांनी, घराण्याचा गुणच तो. पण आतून मी हलले होते. चार शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं.

मी जायचा दिवस आला. नेण्यासारखं फारसं नव्हतंच, एक मोठी बॅग आणि माझी हत्यारं. घुमा बॅग उचलून दारात उभा राहिला. मी पलंगापाशी गेले.

"बाबा, येते मी. पोचले की फोन करीन."

ते उठून बसले. "कर. तुझ्यावर राग नाही माझा. तुला फोन करता येईल, हा तर इथेच आहे. तुम्ही काही मला तुटला नाहीत." ते थांबले. "पण ती दोघं होती ना, भटकायची ती. त्यांची मी आठवडाभर वाट बघायचो गं. तू आणि हा माझे आहातच, पण ती दोघं मला फार आवडायची."

मी त्यांची चादर पायांवर ओढून नीट केली.

"मलाही," दारातून घुमा म्हणाला.

मी वळून बघितलं. तो जमिनीकडे बघत नव्हता, माझ्याकडे बघत होता, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. इतक्या वर्षांत कुणी न विचारता स्वतःच्या मनातलं बोललेला त्याचा तो एक शब्द. मी अजून एका शब्दाची वाट बघितली. खरंच बघितली. दारापर्यंत गेले, दाराला धरून उभी राहून बघितली.

खाली टॅक्सीवाल्याने दुसऱ्यांदा हॉर्न दिला. मी त्याच्या हातातून बॅग घेतली आणि जिना उतरायला लागले.