पायपुसण्यावरची रात्र

"हसू नकोस हां तिथं," बसमधून उतरताना व्हर्लीनने डेनिकाला पुन्हा बजावले. "आणि शर्टाला इस्त्री कुणी करायला सांगितली तुला? बेघर माणसाच्या बाहीला अशी घडी असते होय?"

"तूच म्हणतेस ना मावशी, कचेरीत नीटनेटकं जावं?"

"ते मी म्हणते. कचेरीला कोण विचारतंय!"

अमेरिकेतल्या डेटन शहरातल्या एका लॉन्ड्रीत लोकांचे कपडे धुण्यात व्हर्लीनची उमर गेली. देण्याघेण्यात चोख बाई. पण थंडीत गरम ड्रायरला पाठ लावून बसणारी ही पोर तिच्या कुठल्याच हिशेबात नव्हती. अठरा पुरी होताच, सरकारने सांभाळायला दिलेल्या घरातून डेनिकाला नारळ मिळाला होता. एका संध्याकाळी लॉन्ड्रीला कुलूप घालताना व्हर्लीन "चल" म्हणाली, आणि पोर हिवाळाभर तिच्या सोफ्यावर राहिली.

पण सोफा सरकारी सवलतीच्या घरातला. करारात नाव नसलेला पाहुणा तिथे फार टिकू देत नाहीत. मॅनेजरने सुनावले, "ती तरी जाईल, नाहीतर दोघी जाल." तरुण पोरांना खोली देणारी योजना होती; पण ती उघड्यावर झोपणाऱ्यांसाठी. सोफ्यावरचा माणूस सरकारच्या लेखी बेघरच नव्हे. म्हणजे व्हर्लीनची मायाच पोरीच्या आड आली. बरे, खोटे बोलायचे तर व्हर्लीनला रविवारी चर्चमध्ये तोंड दाखवायचे होते. तेव्हा तिने मध्यम मार्ग काढला: काल रात्री पांघरूण आणि गरम सूप देऊन पोरीला बस डेपोवर धाडले. रात्र खरी, तर उत्तरही खरे.

योजनेच्या कचेरीतला ब्रेट नावाचा पोरगेला कारकून मनाने चांगला होता.

"काल रात्री कुठं झोपलीस?"

डेनिकाने व्हर्लीनकडे पाहिले. "घरी."

"घरी म्हणजे?"

"मावशीकडे."

ब्रेटची बोटे कळफलकावर अडखळली. "नीट आठवून सांग. पुन्हा विचारतो."

"पुन्हा तेच सांगेन."

"मग या खेपेला नाही बसत गं तुझं नाव," तो खाली बघत म्हणाला.

रस्त्यावर येताच व्हर्लीन फुटली. "कार्टे! डेपोवर गेलीच नाहीस?"

"गेले होते. एक माणूस सारखा शेजारी येऊन बसायला लागला. परत आले."

"मग दार वाजवायचं!"

"आणि तुझं घर गेलं असतं म्हणजे? दाराबाहेर पायपुसण्यावर झोपले. आतून तुझं घोरणं ऐकू येत होतं, मावशी. चढावर ट्रक चढतो ना, तस्सं." डेनिका हसली. "छान झोप लागली."

"मग तेच सांगायचं त्याला, पायपुसण्यावर झोपले म्हणून!"

"तुझ्यासमोर? तू मला बाहेर काढलंस असं वाटलं असतं त्याला."

 व्हर्लीनने पोरीची कॉलर सारखी केली. ती सारखीच होती.

दुपारी डेनिकाने पिशवी उचलली.

"डेपोत दिव्याखाली बस. पहारेकऱ्याच्या नजरेसमोर," व्हर्लीन म्हणाली. "आणि इथं दाराशी येऊ नकोस. पुढच्या खेपेला नाव लागलं पाहिजे."

"नाही येणार."

दिवेलागणीलाच व्हर्लीनने सोफा ओढत दारापाशी आणला. कान दिला. बाहेर काही हालचाल नव्हती. असली तरी तिला ऐकू आली नाही. दार उघडून बघायचे तिने टाळले. मग ती आडवी झाली, आणि डोळे टक्क उघडे ठेवून मोठमोठ्याने घोरू लागली.