गोठ्यातलं पातळ

ऑपरेशन झालं आणि अंजनाचा गुडघा दुखायचा थांबला, हे आधी कबूल करायला पाहिजे. उगाच डॉक्टरला नावं ठेवण्यात अर्थ नाही. निरगुडसरच्या स्टँडवरून घरी येताना जिला वाटेत टेकायला ओटे शोधावे लागायचे, ती बाई आता थेट मळ्यापर्यंत चालत जायची. पुण्याला नेऊन गुडघा बदलला तेव्हा तिची पन्नाशीही उलटली नव्हती. शेजारच्या बायका मुद्दाम बघायला यायच्या आणि "आता काय, पळतीच की तू!" म्हणून हसायच्या.

पण घरी सोडताना डॉक्टरनं बजावलं होतं, मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही, जन्मभर. भला माणूस, पण त्याच्या दारात म्हैस नसणार. अहो, उकिडवं बसल्याशिवाय धार निघते होय? गुडघ्यांत चरवी धरायची, कपाळ म्हशीच्या कुशीला टेकवायचं, मग हात चालतो. अंजनाचं सगळं आयुष्य त्या बैठकीत गेलं होतं. गुडघाही त्यातच गेला म्हणा. तरी पहाटे जाग आली की तिला तीच बैठक हवीशी वाटायची, कुशीची ती ऊब कपाळाला हवीशी वाटायची. लग्नानंतर माहेरच्या आठवणीनंसुद्धा जीव एवढा कासावीस झाला नव्हता.

आणि साळू म्हैस तर दुसऱ्या कुणाला दाद देईना. अंजनाचा नवरा सोपान धारेला बसला, त्याला लाथ बसली. सून तेजस्विनी बसली, तर साळूनं पान्हाच चोरला. अंजना दवाखान्यात गेल्यापासून दूध कमी होत होत चहापुरतं उरलं.

"आटली म्हंजी दावणीला बांधून तिची काय पूजा करायची?" सोपान चिडला. "सोमवारी बेल्ह्याच्या बाजारात न्हेतो."

"अवं, जरा थांबा. वाकंल माझा पाय."

"डॉक्टर न्हाई म्हनलाय."

"त्याला काय कळतंय डोंबल!"

दुपारी घरात कुणी नाही असं बघून ती गोठ्यात गेली. मेढीच्या खांबाला धरून हळूहळू खाली झाली. गुडघा थोडा वाकला आणि अडला तो अडलाच. दुखलं असतं तर तिनं दात खाऊन सोसलं असतं, आजवर दुसरं केलं काय होतं? पण दुखतही नव्हतं, नुसतं वाकत नव्हतं. साळू मान वळवून बघत होती आणि अंजनाला तिच्याजवळ खाली जाता येत नव्हतं.

रविवारी संध्याकाळी तिनं खुंटीवरचं आपलं विटकं पातळ काढलं. धारेला बसताना ती रोज तेच नेसायची. शेणाचा, दुधाचा, घामाचा वास त्यात मुरला होता. मुकं जनावर माणसाला वासानं ओळखतं, हे काय तिला ठाऊक नव्हतं? तिच्या आईनंही आपलं लुगडं नेसवूनच तिला पहिल्यांदा धारेला बसवलं होतं. एवढे दिवस ती मुद्दाम गप्प राहिली होती. पातळ दिलं की आपली जागाही दिली, म्हणून तिच्या जिवावर आलं होतं.

"हे नेस," तिनं तेजस्विनीला सांगितलं. "आन् तोंडातून शब्द काढू नगंस. आवाजानं वळखंल."

तेजस्विनी ते नेसून बसली. साळूनं हुंगलं, फुसकारली, आणि कान पाडून उभी राहिली. चरवीत धार वाजायला लागली.

"आरं तिच्या! जमलं की!" सोपान हळूच म्हणाला.

अंजनाला राहवलं नाही. पुढं होऊन तिनं साळूच्या पाठीवर हात ठेवला. पण ऑपरेशनपासून ती मॅक्सी घालायची, अंगाला मलमाचा वास यायचा. साळूची कातडी थरथरली, ती बाजूला सरली आणि धार तुटली.

"आत्या," तेजस्विनी कुजबुजली, "जरा लांब व्हा ना. बुजली ती तुमाला."

अंजनानं हात काढून घेतला आणि ती दारापर्यंत मागं आली. थोड्या वेळानं धार परत सुरू झाली, चरवीत फेस चढायला लागला.

"उद्या नाय न्हेत बाजारात," सोपान म्हणाला. "झालं समाधान?"

"व्हय, बरं झालं."

तिचा चेहरा बघून तो पडवीत गेला आणि प्लास्टिकची खुर्ची घेऊन आला. "बस. किती वेळ उभी ऱ्हाशील?"

"खुर्चीत नगं वं," अंजना म्हणाली. "मला खाली बसायचंय."