चार नंबरची डावी फळी

माझी मोडलेली कड बारा सेंटिमीटर रुंद आणि अठरा मिलिमीटर जाड आहे. खालच्या नऊ मिलिमीटरांत लाकडाचे तंतू ओरबाडून निघाले आहेत, कुठे आखूड, कुठे लांब, घाईत फाडलेल्या चिंधीसारखे. वरचे नऊ मिलिमीटर मात्र सपाट आहेत. त्यांवरून बोट फिरवलं तर एक कुसळ टोचत नाही. लाकूड आपणहून असं मोडत नाही. मित्रांनो, मी मोडले त्या दिवशी कोणी एवढंच वाकून पाहिलं असतं, तर पुढचं बरंच टळलं असतं.

मी एक जुनी फळी आहे. आता अर्धीच उरले आहे. माझं जंगल फार थंड देशात होतं. तिथं बर्फ पडायचा, याहून जास्त मला आठवत नाही. जहाजातून मी जेद्दाला आले आणि ट्रकमधून वाळवंटातल्या तबूक गावाला. तिथं एका हॉस्पिटलची नवी इमारत चालली होती. मला शटरिंगला लावलं. ओलं काँक्रीट माझ्यावर ओतायचे, ते घट्ट झालं की मला पहारीनं उचकटायचे. तीन वर्षं मी छतं तोलली. इमारत उभी राहिली आणि मी भंगाराच्या ढिगावर जाऊन पडले. छतानं कधी मागे वळून पाहिलं नाही.

ढिगातून मला उचललं ते दौलतकाकांनी. ते हॉस्पिटलचे सुतार, मूळचे राजापूरकडचे. एक्क्याण्णव साल नुकतंच लागत होतं. आखातात लढाई होणार, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. कधी, हे कोणालाच नाही. गावाबाहेरच्या तळावरून लढाऊ विमानं उठायची आणि हॉस्पिटलच्या कॉलनीतल्या खिडक्या थरथरायच्या. शाळा बंद होत्या. मुलं दिवसभर घरात बसून आवाज मोजायची. किर्स्टी मिस नावाच्या फिनलंडच्या बाई हॉस्पिटलात रुग्णांना व्यायाम शिकवत. मुलांचे उतरलेले चेहरे पाहून त्यांनी ठरवलं, की गुरुवारी, दहा जानेवारीला, मुलांसाठी स्कीइंगच्या शर्यतीचा दिवस करायचा. उताराचं स्कीइंग नव्हे. त्यांच्या गावी मुलं सपाट बर्फावर लांबच लांब सरकत जातात, तसलं.

"बर्फ कुठाय मॅडम?" दौलतकाकांनी हिंदीत विचारलं.

"कंपाउंडमागे वाळू आहे की."

"आमच्यात ह्याला खूळ म्हणतात," दौलतकाका मराठीत पुटपुटले आणि त्यांनी कानामागची पेन्सिल काढली.

मित्रांनो, त्यांचे हात मी विसरणार नाही. प्रत्येक फळी ते बोटाच्या पेराने वाजवत आणि कान लावून ऐकत. जिच्यात गाठ असेल ती बाजूला. मी वाजले तेव्हा म्हणाले, "ही चांगली हाय. निरोगी." रंध्यानं त्यांनी माझ्यावरचं सिमेंट उतरवलं, पुढचं टोक वाफेवर वाकवलं, वाळूत घसरावं म्हणून तळाला सनमायकाचा तुकडा चिकटवला. वर जुन्या ट्यूबचे तीन पट्टे आणि प्रत्येक पट्ट्याखाली पायाला रबर. एका जोडीवर तीन मुलांनी एकामागे एक उभं राहायचं आणि डावा-उजवा, डावा-उजवा एकदम टाकायचा. माझ्यावर त्यांनी चारचा आकडा घातला. मी डावी. आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावर काँक्रीट नव्हे, माणसं उभी राहणार होती.

चार नंबरच्या गटात इफरा होती, नऊ वर्षांची, उंच. तिची मैत्रीण नूरैन होती. आणि मैमुना नर्सचा झयान, सहा वर्षांचा. सरावात इफरा पुढे, नूरैन मध्ये, झयान मागे अशी रांग ठरली.

इफराची आई शरीफा हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत काम करायची. कमी बोलायची, सगळं मोजायची. नवऱ्याचं नाव तिनं कधी घेतलं नव्हतं. लोकांत त्याला ती 'इफराचे अब्बा' म्हणायची. इफराचे अब्बा, म्हणजे ताजुद्दीन, ऑफिसात टायपिस्ट होते. रजेच्या अर्जांना नकाराची पत्रं तेच टाइप करत. लढाई तोंडावर असताना हॉस्पिटल कोणालाही सोडत नव्हतं. शरीफाचं नकाराचं पत्रही त्यांनीच टाइप केलं होतं. इफराचं नाव आईच्या पासपोर्टवर असल्यामुळे तिला एकटीला श्रीवर्धनला आजीकडे धाडणंही शक्य नव्हतं. फक्त एक वाट उघडी होती. जखमी सैनिकांसाठी खाटा मोकळ्या ठेवायच्या होत्या. म्हणून ज्या मुलाला जास्त दिवस उपचार लागतील, त्याला आईसोबत मायदेशी पाठवायचं, असा हुकूम होता. तो हुकूमही ताजुद्दीननीच टाइप केला होता.

चार जानेवारीला, शुक्रवारी दुपारी, सगळी माणसं नमाजाला गेली होती. दौलतकाका जेवायला गेले होते. ताजुद्दीन सुतारखान्यात आले. त्यांनी माझ्या पहिल्या पट्ट्याखालचं रबर उचकटलं, दौलतकाकांचीच करवत घेतली आणि मला आडवी कापली. पुरती नाही. अर्ध्या जाडीपर्यंत. मग खिशातून गुलाबी मेणबत्तीचे तुकडे काढले, ते पेटत्या आगकाडीवर वितळवून भुशात कालवले आणि काप भरून टाकला. वर रबर परत ठोकलं. काम नीटनेटकं झालं.

ते क्रूर माणूस नव्हते, हे मला सांगायला हवं. त्यांनी हिशोब केला होता: वाळू मऊ, मुलगी हलकी, मनगटाचं हाड, सहा आठवड्यांचं प्लास्टर, एक पत्र. हिशोबात पट्टे मात्र धरलेले नव्हते. फळी मोडली तरी पट्ट्यात अडकलेला पाय सुटत नाही.

दहा तारखेला सकाळी वाळू हाताला गार लागत होती. लाल निशाणं लावली होती. मुलांच्या अंगावर उशांचे अभ्रे होते आणि त्यांवर जखमेला लावायच्या जांभळ्या औषधानं आकडे काढले होते. पहिल्या निशाणाशी संत्रं उचलायचं, दुसऱ्याशी चेंडू बादलीत टाकायचा, तिसऱ्याला वळसा घालून परत यायचं. जॅमच्या बरण्यांच्या झाकणांची पदकं सगळ्यांना मिळणार होती.

"पहिला नंबर कोणालाच नाही?" नूरैननं विचारलं. "मग पळायचं कशाला?"

"पळायचंच नाहीये, येडे. सरकायचंय," इफरा म्हणाली.

वर एकदम दोन विमानं गेली. झयान कानांवर हात ठेवून खाली बसला आणि मागे उभं राहायला तयार होईना. मागे कोणी नसतं, मागे भीती वाटते, म्हणाला. इफरानं त्याचं नाक पुसलं.

"तू पुढे ये. पुढून सगळी निशाणं आधी दिसतात. मी राहते मागे."

ताजुद्दीन तिसऱ्या निशाणाशी उभे होते. ते धावत आले.

"इफरा, जागा बदलायची नाही."

"अब्बा, इट्स ओके. ही इज स्केअर्ड."

"मी सांगतो ना, बदलू नको."

"का पण?"

मित्रांनो, त्या 'का'ला उत्तर होतं. एका वाक्याचं. ताजुद्दीननी झयानच्या पायांकडे पाहिलं, पायाखालच्या रबराकडे पाहिलं आणि म्हणाले, "काही नाही. सांभाळून जा." पोरगं लहान आहे, वजन कमी आहे, कदाचित फळी टिकेल, असं त्यांनी मनाशी धरलं असावं. मलाही तसंच वाटावं असं मला फार वाटत होतं. पण माझ्यात किती लाकूड उरलंय, ते मला ठाऊक होतं.

संत्रं उचललं. चेंडू बादलीत गेला. तीन मुलं एका आवाजात "लेफ्ट, राइट" ओरडत होती. तिसऱ्या निशाणाआधी वाऱ्यानं वाळूचा एक उंचवटा केला होता, हातभर रुंद. त्याच्यावर माझं पोट टेकलं, दोन्ही टोकं अधांतरी राहिली आणि मी मोडले. माझं पुढचं टोक वाळूत रुतलं. मागून दोघींचा भार आला. झयानचा पाय माझ्या तुकड्याला बांधलेला होता; अंग एकीकडे फिरलं, पाय दुसरीकडे. नूरैन आणि इफरा वाळूत पडल्या. इफराला खरचटलंसुद्धा नाही.

पट्टा तिथं निघेना. म्हणून मला झयानच्या पायासकट रुग्णवाहिकेत घातलं. आत त्याचा पट्टा कात्रीनं कापला आणि मला कोपऱ्यात टाकलं. हॉस्पिटलच्या दाराशी शरीफा रक्ताचा नमुना घ्यायला आत चढली. नमुना घेऊन वळली आणि तिची नजर माझ्या कडेवर पडली. ती वाकली. चष्मा वर करून बराच वेळ पाहत राहिली. मग मला कापडात गुंडाळून प्रयोगशाळेत घेऊन गेली.

भिंगाखाली तिनं सगळं पाहिलं. सपाट भाग मोजला. भुशात अडकलेलं मेण सुईनं काढून काचेवर घेतलं. गुलाबी. घरी जाऊन आली आणि तारीख घातलेल्या वहीत लिहिलं: इफराच्या वाढदिवसाच्या गुलाबी मेणबत्त्या नऊ, उरलेल्या पाच. दुपारी ताजुद्दीन प्रयोगशाळेत आले.

"चार मेणबत्त्या कुठे गेल्या?" तिनं विचारलं.

"लाइट गेली होती तेव्हा..."

"लाइट गेली नव्हती."

ते स्टुलावर बसले.

"तुमच्या दोघींसाठी केलं मी," ते म्हणाले. "तू बोललीस तर मला आत टाकतील. मग तुम्ही दोघी इथं कोणाच्या भरवशावर?"

मला बाटल्यांमागे, कपाटाच्या खालच्या फळीवर ठेवून शरीफानं दार लावून घेतलं.

झयानच्या गुडघ्याजवळ जिथून हाड वाढतं, तिथंच मार बसला होता. पोरगा वाढेल तसा तो पाय मागे पडत जाईल, असं डॉक्टर म्हणाले. मैमुनाचं पत्र ताजुद्दीननी त्याच दिवशी टाइप केलं. चौदा तारखेला ती मुलाला घेऊन निघाली. जाताना प्रयोगशाळेत डोकावली.

"शरीफा, तुझ्या नवऱ्याचे उपकार विसरणार नाही ग. लोकांना महिना लागतो, ह्यांनी एका दिवसात कागद काढला."

शरीफाच्या हातातली काचनळी फुटली नाही. तिनं ती स्टँडमध्ये ठेवली आणि म्हणाली, "झयानला जप."

इकडे मुदीरनी, म्हणजे मोठ्या साहेबांनी, दौलतकाकांना बोलावलं. काय झालं, ते काकांनी स्वतःच सांगून टाकलं: "गाठ असणार साहेब. मला ऐकू नाय आली." कोणी त्यांच्यावर ओरडलंही नाही. निष्काळजीपणा, कायमची रवानगी, पुन्हा या देशात प्रवेश नाही, असं पत्र निघालं. तेही ताजुद्दीननीच टाइप केलं.

सतरा तारखेला लढाई सुरू झाली. भोंगे वाजू लागले. खिडक्यांना चिकटपट्ट्या लागल्या. मी कपाटात होते. रोज सकाळी शरीफा दार उघडायची, मला बाहेर काढायची, कडेवर बोट ठेवायची आणि परत आत ठेवायची. मी मोडल्यापासून असे अकरा दिवस गेले. मित्रांनो, लाकडाला वाट पाहता येते, पण इतकी वाट पाहणं लाकडालाही जड जातं.

एकवीस तारखेला सकाळी दौलतकाका पटाशी घेऊन आले. कपाटाचं दार बरेच दिवस घासत होतं.

"जाता जाता करून देतो म्हटलं ताई. बस दहाला हाय, जेद्दाची."

शरीफा काही म्हणायच्या आत त्यांनी दार उघडलं. मी समोरच होते. त्यांनी मला ओळखलं. त्यांचा हात माझ्याकडे आला आणि मध्येच थांबला. ज्या हातानं त्यांनी मला वाजवून पाहिलं होतं, तोच.

"ही कशाला ठेवलीत? जाळा."

"दौलतभाऊ, तिची कड बघा एकदा."

"नाय बघवत." त्यांनी तोंड फिरवलं. दार दोनदा तासलं आणि बसवलं. ते अजूनही घासत होतं. तीस वर्षं सुतारकाम केलेल्या माणसाला ते कळलं नाही, असं होणार नाही. "गावी जाऊन बागेत राखण करीन कोणाच्या तरी," ते म्हणाले. "आता करवत हातात धरवत नाय. दर फळीत पोराचा पाय दिसतो." पटाशी त्यांनी तिथंच टेबलावर ठेवली आणि गेले.

शरीफा त्या पटाशीकडे पाहत उभी राहिली. मग तिनं हातमोजे काढले आणि मला उचललं. गुंडाळलं नाही.

फाटकाशी बस उभी होती. ताजुद्दीन हातात यादी घेऊन नावं वाचत होते, मुदीर शेजारी होते. दौलतकाका आत खिडकीशी बसले होते. आईला पाहून इफरा धावत आली आणि माझ्याकडे पाहून थबकली.

मित्रांनो, तुम्ही लहान आहात, म्हणून हे तुमच्यापाशी मागते. तुमच्यासमोर काही मोडलं, तर ते कोणी बनवलं हे विचारण्याआधी त्याची मोडलेली बाजू नीट पाहा. आणि दिसलं, तर अकरा दिवस थांबू नका.

शरीफानं मला त्या यादीवर ठेवलं. ताजुद्दीननी तिच्याकडे पाहिलं, मग इफराकडे. "शरीफा," ते हळूच म्हणाले. "घरी चल."

"दौलतभाऊ, खाली उतरा," ती खिडकीकडे पाहून म्हणाली. "फळीत गाठ नव्हती. ती कापलेली होती."

मुदीरनी इंग्रजीत विचारलं, कोणी कापली?

तिनं एक श्वास घेतला.

"ताजुद्दीननं," ती म्हणाली. "माझ्या नवऱ्यानं."