वही वाचलेला पाहुणा

सकाळपासून वहिनीला भीती वाटत होती, आणि तिचं नेमकं कारण सापडत नव्हतं. सापडलं असतं तर तिने ते लिहून काढलं असतं आणि समोर खूण करून निकालात काढलं असतं. बारा वर्षं बस आगारात वेळापत्रकं आखलेली बाई ती. कागदावर नीट बसलेल्या गोष्टीचं तिला कधी भय वाटलं नव्हतं.

तिला सगळेच वहिनी म्हणत. नणंदेने तर कॉम्प्युटरमधल्या एआय मदतनिसांनाही तेच शिकवून ठेवलं होतं. वर्षभर खपून या नणंद-भावजय एक व्हिडिओ गेम बांधत होत्या. सात मजली इमारत, बंद पडलेली लिफ्ट, आणि एकेक बिघाड शोधत वर चढणारा कारागीर. चित्रं नणंदेची, आखणी वहिनीची, बाकीचं काम दोन मदतनिसांचं. कोड लिहिणाऱ्याला त्या गवंडी म्हणत आणि गेम खेळून चुका सांगणाऱ्याला पाहुणा. दोघांनाही कालचं काही आठवत नसे, म्हणून वहिनीने कॉम्प्युटरमध्येच एक वही केली होती. कुठलं दार कशाने उघडतं, कुठली चावी कुठे आहे, सगळं तिच्यात. आधी वही वाचायची, मग कामाला हात लावायचा, हा दोघांना घालून दिलेला नियम.

आज चार वाजता गेम बाजारात आणणाऱ्या कंपनीची निवडकर्ती येणार होती. अर्धा तास खेळून ती हो किंवा नाही सांगणार. आणि वहिनीची वर्षाची रजा संपत आल्यामुळे सहाच्या आत तिला आगारात कळवायचं होतं, परत येते की नाही. न कळवल्यास जागा दुसऱ्याला.

"पाहुणा काय म्हणतो?" तिने चौथ्यांदा विचारलं.

"दोनशे सतरा वेळा खेळला, एकदाही अडकला नाही," नणंद म्हणाली. "वहिनी, नखं खाऊन पोट भरत नाही. जेवून घे."

"एकदाही नाही, हेच खटकतंय मला."

"तुझं म्हणजे, देव प्रसन्न झाला तरी त्याचं ओळखपत्र बघशील तू. मी कधीची सांगतेय, दादाला एकदा खेळायला बसव."

"पूर्ण होऊ दे आधी."

वर्षभर हेच उत्तर चाललं होतं. नवऱ्याने दोनदा स्वतःहून विचारलं, मग विचारायचं सोडून दिलं. खरं सांगायचं तर वहिनीला माणसांच्या चेहऱ्याची भीती वाटायची. पाहुण्याला कपाळ नव्हतं, त्यामुळे आठी पडायचा प्रश्न नव्हता.

निवडकर्ती चारच्या ठोक्याला आली. बुटकी बाई, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, "मी खेळताना कुणी बोलायचं नाही. लोक हे घरी खेळतील तेव्हा शेजारी तुम्ही नसणार."

पहिला मजला. एक बंद दार, एक जळता दिवा. दिवा मालवला की अंधारात दाराची कळ चमकते, इतकं सोपं. बाईंनी दार ढकललं. ठोठावलं. चारही कोपरे धुंडाळले, पुन्हा दाराशी आल्या. दोन मिनिटं झाली, चार झाली. भिंतीवर सूचनेची पाटी आहे ना, ती वाचा की, असं तिच्या अगदी ओठावर आलं. तिने पाटी शोधली. भिंत कोरी होती.

तिने नणंदेकडे पाहिलं. तीही त्याच कोऱ्या भिंतीकडे बघत होती.

तीन आठवड्यांपूर्वी वहिनीनेच गवंड्याला सांगितलं होतं, मजकूर फार झालाय, पाहुणा ज्या पाट्या वाचत नाही त्या काढून टाक. पाहुणा एकही पाटी वाचत नव्हता. कशाला वाचेल? साखरेचा डबा कुठल्या फळीवर आहे हे आधीच सांगून ठेवलेला पाहुणा तो. सात मजल्यांवरच्या एक्केचाळीस पाट्या गेल्या होत्या, आणि गेम किती सुटसुटीत झाला म्हणून वहिनी स्वतःवर खूश होती.

अकराव्या मिनिटाला बाईंनी हात मागे घेतले. "दार उघडत नाही," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, तेच जास्त लागलं.

वहिनीने त्यांच्यादेखतच पाहुण्याला विचारलं, तू एकदाही का अडकला नाहीस? उत्तर लगेच आलं: "वहिनी, मी आधी वही वाचतो, त्यामुळे उत्तरं मला माहीत असतात. एखाद्या नवख्या माणसाला खेळवून पाहा, असं पहिल्या नऊ अहवालांखाली लिहिलेलं दिसतं. त्यानंतर वहीत तुमची सूचना आहे: तीच ती ओळ रोज नको."

बाईंनी ते वाचलं आणि चष्मा काढला. "आज माझ्याकडून हो नाही. पण ही इमारत मला आवडली. शुक्रवारी एकदा येईन. तोवर ज्याला काहीच माहीत नाही अशा एका माणसाला खेळवा. मागे बसा आणि तोंड उघडू नका. तेवढं जमत नसेल तर मला बोलावूही नका."

त्या गेल्यावर नणंद कामाला लागली. "पाट्या आत्ता परत लावते."

"थांब," वहिनी म्हणाली. "आधी कुठे कुठे अडतं ते कळू दे." फोनमध्ये आगारासाठी दोन पत्रं लिहून तयार होती, परत येते म्हणणारं आणि नाही म्हणणारं. तिने दोन्ही उघडली, दोन्ही मिटली.

पावणेसहाला नवरा कामावरून आला. त्याला धड चहासुद्धा न देता वहिनीने खुर्ची दाखवली. "बस. खेळ."

"मी?" म्हणत त्याने ओले हात शर्टाला पुसले आणि तोंडी परीक्षेला बसावं तसा ताठ बसला. दार ढकललं. ठोठावलं. "इथे काय करायचं असतं?"

वहिनीने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. सकाळपेक्षा जास्त भीती वाटत होती, पण आता निदान कारण तरी होतं.

बराच वेळ तो कोपरे शोधत राहिला. मग मागे न वळता म्हणाला, "मला वाटायचं, मी हसेन म्हणून तू मला दाखवत नाहीस."

नणंदेने भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं, सहा वाजून पाच मिनिटं झाली होती. वहिनीने राहू दे अशी मान हलवली, टेबलावरचा फोन पालथा केला आणि पेन्सिल घेतली. यावेळी साधी, कागदाची वही. पहिला माणूस, तिने लिहिलं. वीस मिनिटं. अजून दारातच उभा आहे.

"माझं काही चुकतंय का गं?" त्याने विचारलं.

तिने खाली आणखी एक ओळ लिहिली: त्याचं काही चुकत नाहीये.