सार्जंटला घडलेला उपास

शेजारच्या क्लॅरी हेब्डनने बोका माझ्या हवाली केला तो फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात. खुब्याचा सांधा बदलून घ्यायला तो बेंडिगोला निघाला होता. शस्त्रक्रिया, मग चालण्याचा सराव, मग काही दिवस बहिणीकडे. परत यायला ईस्टर उलटणार होता. बोक्याचं नाव सार्जंट. क्लॅरीची बायको आयडा गेल्यापासून त्या घरात क्लॅरीशिवाय तेवढाच एक जीव होता.

बोक्याबरोबर बर्फपेटी आली. तिच्यात गोठवलेल्या पुड्या होत्या, आणि वर क्लॅरीच्या हातची यादी.

“फ्रीजवर लावून ठेव,” तो म्हणाला. “रोज कांगारूचा खिमा आणि कोंबडीची हृदयं. कलेजी अंगठ्याएवढीच. मंगळवारी, शुक्रवारी कोंबडीची मान. सगळं कच्चं. मान शिजवलीस तर हाड टोकदार फुटतं आणि घशात रुततं. मासा आठवड्यातून एकदा, तोही आधी गोठवून.”

“आणि डब्यातलं काही?”

“डब्यातलं तू खा. बारा वर्षं होतो मी डबे भरायच्या कारखान्यात, ब्रिडी. आत काय जातं ते मला माहितीये.”

काठी टेकत तो फाटकापर्यंत गेला, तिथून परत आला आणि बोक्याच्या कानामागे खाजवत उभा राहिला. “आयडाने याला बाटलीने दूध पाजून वाढवलाय,” तो म्हणाला. “मी येईन तेव्हा हा असला पाहिजे.”

“असेल,” मी म्हटलं.

पुड्या राखेच्या बुधवारपर्यंत, म्हणजे ईस्टरआधीचा उपास सुरू होतो त्या दिवसापर्यंत, पुरल्या.

माझा नेम असा, की राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत मांस खायचं नाही आणि घरातही आणायचं नाही; मासा चालतो. आईचा नेम होता, तिच्यामागे मी चालवला. एकतीस वर्षांत मोडला नव्हता. खिमा आणायचा म्हणजे माझ्या फ्रीजमध्ये ठेवायचा आणि माझ्या फळीवर चिरायचा. क्लॅरीने जाताना घरची वीज बंद केलेली, तेव्हा तिकडेही ठेवता येईना. त्या सकाळी कपाळावर राख घेऊन मी चर्चमधून आले, तर बोका रिकाम्या वाटीपाशी बसलेला.

पलीकडच्या घरात नोलीन राहते. लोकर कातरणाऱ्यांच्या टोळ्यांना तिने जन्मभर रांधून घातलं, आता रोज संध्याकाळी नदीवर गळ टाकून बसते. आमच्या मरे नदीत कार्प मासे बेसुमार माजलेत. गळाला लागला की पुन्हा पाण्यात सोडायचा नाही, असा नियम आहे. चव चिखलासारखी, म्हणून खातही कोणी नाही. नोलीन ते गुलाबांच्या मुळाशी पुरते.

“गुलाबांना घालतेस, त्यातले थोडे बोक्याला दे,” मी तिला म्हटलं.

“बादलीभर घेऊन जा. पण रोज मासाच घालणार त्याला?”

“यादीत मासा आहे.”

“उपास तुझा आहे ना? का बोक्याचाही बाप्तिस्मा झालाय?”

मी हसून बादली उचलली. मासे साफ केले, तुकडे केले, यादीत सांगितल्याप्रमाणे आधी गोठवले आणि मग घातले. सार्जंटने वाटी चाटूनपुसून साफ केली. मला वाटलं, सगळं कसं छान जुळून आलं. माझा नेम राहिला आणि मुकं जनावरही उपाशी राहिलं नाही. संध्याकाळच्या प्रार्थनेत मी त्याबद्दल आभारसुद्धा मानले.

दर रविवारी क्लॅरीचा फोन यायचा.

“खातो का?”

“वाटी धुवायला लागत नाही.”

“यादीप्रमाणे देतेस ना?”

“यादीप्रमाणे.”

पहिल्या रविवारी हे म्हणताना जीभ जरा अडखळली. नंतर अडखळली नाही.

पाचव्या आठवड्यात सार्जंट अर्धं टाकायला लागला. तोंडातून लाळ गळायची. उकाड्याने असेल म्हणून मी पाण्याची वाटी सावलीत सरकवली. मग चालताना त्याचे मागचे पाय फाकायला लागले. ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यात, बुधवारी नोलीन चहाला आली तेव्हा तो स्वयंपाकघराच्या मधोमध बसला होता आणि त्याची मान खाली वळून हनुवटी छातीला टेकली होती.

“हा तर तुझ्यापेक्षा जास्त प्रार्थना करायला लागलाय,” ती म्हणाली. मग वाकून तिने त्याची हनुवटी वर उचलली. हात काढला तशी मान पुन्हा खाली गेली. तिचा चेहरा उतरला. “ब्रिडी, हे काही ठीक नाही.”

दुसऱ्या दिवशी सकाळी तो खुर्चीवर चढायला गेला आणि एका कुशीवर पडला. मी त्याला टॉवेलात गुंडाळून जनावरांच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टर फाम तरुण मुलगी आहे, फार बोलत नाही. तिने त्याच्या डोळ्यांत बॅटरी मारून पाहिली. बाहुल्या मोठ्याच राहिल्या. टेबलावर उभा केला तर तो झुलायला लागला.

“बागेत गोगलगायींसाठी गोळ्या टाकता? उंदरांचं औषध?”

“नाही.”

“शेजारी?”

“नोलीन फक्त मासे पुरते.”

“खायला काय देता?”

यादी मी बरोबर घेतली होती. ती पर्समधून काढून तिच्या हातात दिली. तिने दोनदा वाचली.

“चांगली यादी आहे. कच्चं घालणाऱ्या सगळ्यांना इतकं कळत नाही,” ती म्हणाली. “म्हणजे खाण्यातून काही झालेलं नाही. रक्त मेलबर्नला पाठवते, पण उद्यापासून सुट्ट्या, उत्तर मंगळवारी येईल. खरं सांगू? मंगळवारपर्यंत हा राहील असं वाटत नाही. मालकांना फोन करून विचारा, इंजेक्शन देऊन कायमचं झोपवायचं का.”

ती सुई शोधायला पाठमोरी झाली. टेबलाच्या कडेला सार्जंटचं डोकं लोंबत होतं, मी तळव्यावर धरलं होतं. मालकांना फोन करायचा. काय सांगायचं?

“ही यादी पाळलेली नाही,” मी म्हटलं.

ती वळली.

“राखेच्या बुधवारपासून मांस घरात आणलं नाही मी. त्याला कार्प दिला. रोज. दुसरं काही नाही.”

“शिजवून?”

“कच्चा. गोठवून.”

तिने सुई खाली ठेवली. ती रागावली नाही. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. “कच्च्या कार्पमध्ये एक द्रव्य असतं,” ती म्हणाली, “ते अंगातलं बी-वन जीवनसत्त्व तोडून टाकतं. शिजवलं तर जातं, गोठवून जात नाही. कधीमधी एखादा तुकडा चालतो. सहा आठवडे तेवढंच म्हटलं तर असं होतं.” बोलता बोलताच तिने कपाटातून छोटी बाटली काढली. “मघाशीच सांगितलं असतंत तर एव्हाना टोचून झालं असतं.”

इंजेक्शन मानेमागे दिलं. संध्याकाळी दुसरं, उद्या तिसरं. आणि मांस, आजपासून, थोडं थोडं, दर तीन तासांनी.

उद्या गुड फ्रायडे, दुकान बंद. मी तशीच खाटकाकडे गेले आणि खिमा, हृदयं, कलेजी आणि चार माना घेतल्या. खाटीक मला ओळखतो. “अजून तीन दिवस आहेत ना, ब्रिडी?” त्याने विचारलं. “आहेत,” मी म्हटलं, आणि पिशवी घरात नेली.

बेंडिगोला फोन मी पुड्या फ्रीजमध्ये लावायच्या आधी केला. एका दमात सांगितलं, रविवारी काय सांगत आले तेसुद्धा.  

“डोकं उचलतो का?” क्लॅरीने विचारलं.

“अजून नाही.”

“हृदयं फार बारीक करू नको. बोटाच्या पेराएवढी ठेव. आणि फ्रीजमधली थंडगार घालू नको, वास येत नाही त्याला.” मग म्हणाला, “खोटं कशाला बोललीस, ब्रिडी? मला विचारलं असतंस तर म्हटलं असतं, माझी वीज चालू कर.”

 आणि त्याने फोन ठेवून दिला.

शुक्रवारी तीन वाजता, ख्रिस्ताने प्राण सोडला त्या घटकेला, सगळं गाव चर्चमध्ये होतं. मी ओट्यापाशी उभी राहून हृदय चिरत होते. प्रार्थना तिथेच म्हटली, बोटं रक्ताची होती म्हणून जपमाळ हातात घेतली नाही. सार्जंटला टॉवेलावर टेकवून एकेक तुकडा त्याच्या ओठाला लावत होते. सकाळी दोन तुकडे गेले होते, आता पाच गेले. सहावा त्याने माझ्या हातातून ओढून घेतला. ओढताना मान वर आली, थरथरली, पण लगेच खाली गेली नाही.

शनिवारी तो भिंतीच्या आधाराने दारापर्यंत चालला. डॉक्टरांना विचारून दुपारी मी त्याच्यापुढे कोंबडीची मान टाकली आणि क्लॅरीला फोन लावला. तो घेईल की नाही, याची खात्री नव्हती.

“बोल,” तो म्हणाला.

“मान दिलीय.”

“शिजवली नाहीस ना?”

“नाही.”

“फोन खाली धर.”

मी गुडघे टेकून फोन जमिनीपाशी धरला. सार्जंटने मान दोन्ही पंजांत दाबून डोकं तिरकं केलं आणि मागच्या दाढांनी एकदा, दोनदा, मग नीट लय धरून हाड फोडायला लागला. मी हात हलवला नाही. पलीकडून क्लॅरीचा श्वास तेवढा ऐकू येत होता.

“अजून थोडा वेळ धर,” तो म्हणाला.